मुंगीचा डबा

३ मार्च

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, हे ठरवण्यात माझा अख्खा रविवार गेला. 'ताई' लिहावं तर तुम्ही म्हणाल, ही माझी बहीण कधीपासून झाली? नाव लिहावं तर म्हणाल, शेफारली. म्हणून मायनाच गाळला आहे. मुद्द्यावर येते.

तुम्ही त्या बेटावर वारा मोजायला गेल्यापासून तुमची लेक मुंगी आमच्याकडे आहे. तिची पोहण्याची पहिली स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. गट सगळ्यात लहान, सात वर्षांखालचा, आणि अंतर तलावाची एक लांबी. शाळेतून मी तिला परस्पर तलावावर नेते. त्यामुळे पोहण्याआधीचं खाणं डब्यातच द्यावं लागतं. सुरुवातीला तिनं ते खाल्लं. मग एक दिवस एकाएकी बंद केलं, ते बंदच. डबा जसाच्या तसा परत येतो. घरी मात्र तुमच्या माजी आणि माझ्या चालू नवऱ्यानं करपवलेला ब्रेडसुद्धा मिटक्या मारत खाते. मी सावत्र आहे म्हणून संशय नको, यासाठी प्रत्येक पदार्थ आधी तिच्यासमोर मी स्वतः चाखते. तरी नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करणारी बाई आहे. बाराव्या मजल्याच्या उंचीवर दोराला लोंबकळताना मी गाणी गुणगुणते, पण हल्ली डब्याचं झाकण लावलं की तीनदा उघडून बघते. तिला काय आवडतं ते कृपा करून कळवा. फोनच करणार होते, पण तुमच्या बेटावरचा फोन म्हणे फक्त वादळासाठी राखून ठेवला आहे.

तुमची,
(इथेही काय लिहावं ते सुचलं नाही)


९ मार्च

चि. सवतीस अनेक आशीर्वाद,

घे, मायन्याचा प्रश्न सुटला. या नात्याला आपल्या भाषेत इतका रोखठोक शब्द असताना तू रविवार कशाला वाया घालवलास? आपण दोघी त्या चष्मेवाल्याच्या घरात एकाच वेळी नव्हतो, म्हणजे शब्द तसा लागू नाही, हे मला कळतं. पण तो एका वेळी एकीलाच कसाबसा पुरतो, त्याला आपण काय करणार?

इथे मी आहे, एक वायरलेसवाला आहे आणि मोजता न येणारे पक्षी आहेत. वायरलेसवाला बोलत नाही आणि पक्षी गप्प बसत नाहीत. मी रोज ढग बघते आणि कळवते, उद्या पाऊस पडेल. तो पडत नाही. आठवड्यातून एकदा टपालाची बोट येते, तेवढीच करमणूक. तेव्हा तुझं पत्र मी चारदा वाचलं, याचा अर्थ ते चांगलं होतं असा घेऊ नकोस.

आता डबा. केळं दे, पण चकत्या करून. सोललेलं अख्खं केळं बघितलं की तिला हसू येतं आणि मग ती खात नाही. ब्रेडला लोणी लाव आणि कडा काप. उकडलेल्या अंड्यातलं पिवळं काढ. हिरवं काही दिसलं तर डबा गेला असं समज. सफरचंदाला लिंबू लाव, नाहीतर ते काळं पडतं आणि तिला ते आजारी वाटतं. एवढं करूनही खाल्लं नाही, तर दोष पदार्थांचा नाही, हात कुणाचा लागला त्याचा आहे.

आणि एक आत्ताच सांगून ठेवते. माझी पोर वाळलेली मला चालणार नाही. तशी बातमी आली, तर माझी मोठी बहीण तिला न्यायला एका पायावर तयार आहे. तिला तीन मुलगे आहेत आणि मुलगी हवी होती.

तुझी थोरली,
सवत


१५ मार्च

ती. सवतीस शिरसाष्टांग नमस्कार,

थोरलेपण तुम्हीच अंगावर घेतलंत, तेव्हा आता नमस्कार झेला.

चकत्या केल्या. कडा कापल्या. कापलेल्या कडा तुमचा माजी उभ्या उभ्या खातो, त्याचं वजन वाढलंय. सफरचंदाला लिंबू लावलं, अंड्यातलं पिवळं काढलं. डबा परत. ती उघडते, वाकून बघते, माझ्याकडे अशी दयेनं बघते की जणू मीच भुकेली आहे, आणि हळूच झाकण लावते. वर म्हणते, "छान दिसतंय हं." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा पाण्यातून बाहेर आल्यावर तिला चक्कर आली. लपवून ठेवत नाही, तुम्हाला कुठूनतरी कळणारच. तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंना सगळी पोरं 'शिट्टी' म्हणतात, कारण त्या बोलत नाहीत, फुंकतात. शिट्टीनं मला सगळ्या आयांसमोर फैलावर घेतलं. स्पर्धेच्या दिवशी त्या प्रत्येक पोराला काय खाल्लं ते विचारणार आहेत. ज्याचं पोट रिकामं, ते काठावर. "आणि खोटं बोललेलं मला कळतं," म्हणाल्या. मुंगी तर खोटं बोलतच नाही, हीच तर पंचाईत आहे.

बाकी तलावावर मजा असते. शेजारच्या मैदानात मोठी मुलं गोळाफेक करतात. गेल्या महिन्यात एकाचा लोखंडी गोळा कुंपणावरून थेट पाण्यात आला आणि डुबुक करून तळाला. रखवालदार चड्डीवर उतरून तो काढेपर्यंत पोरं टाळ्या पिटत होती. मुंगी मात्र काठावर ओणवी होऊन तळाकडे बघत बसली होती.

बहिणीला अजून काही कळवू नका. स्पर्धेपर्यंत मी तिला खायला लावीन. मला ती जायला नको आहे. लिहून टाकलं एकदाचं.

सोबत मुंगीची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. तिनं ती डिंकानं अशी काही चिकटवली आहे की तुम्हाला तरी वाचता येवो.

तुमची धाकटी


(सोबतची चिठ्ठी)

प्रिय आई,

तू कशी आहेस. मी बरी आहे. बेटावर शार्क आहे का. असला तर त्याचं चित्र काढ.

लिफ्टवाली चांगली आहे. तिने मला लिफ्टच्या डोक्यावर काय असतं ते दाखवलं. ग्रीस असतं. पण तिच्या पोटात गोळा आला आहे. ती फोनवर कुणालातरी हळू आवाजात सांगत होती. बाबांना माहीत नाही. तू कुणाला सांगू नको. तिला वाईट वाटू नये म्हणून मीपण काही बोलत नाही.

मला पोहायला आवडतं. मला बुडायचं नाही.

तुझी मुंगी


२१ मार्च

प्रिय बहिणीस,

तुझं पत्र मिळालं. आधी एक काम कर, बस. बसून वाच.

डब्याचं अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. डबा काय, आज आहे उद्या नाही. दुकानातून बिस्किटाचा पुडा घे आणि पोरीच्या हातात दे. मागच्या पत्रात मी जे काही वेडंवाकडं लिहिलं ते विसर. माझी जीभ तिखट आहे, हे चष्मेवाल्यानं तुला सांगितलंच असेल. तू किती दगदग करतेस! त्या दोरांना लोंबकळणं आता थांबव. जड उचलू नकोस. मुळात असलं काही मनात ठेवून एकटीनं कुढायचं नसतं. हल्ली सगळ्यावर उपाय असतात. वेळेवर दाखवलं की झालं.

नवऱ्याच्या भरवशावर मात्र राहू नकोस. माझा घसा सुजला होता, तेव्हा यानं मला भाजलेले शेंगदाणे आणून दिले होते.

मी बहिणीला कळवून टाकलं आहे. स्पर्धा झाली की त्याच संध्याकाळी ती येऊन मुंगीला घेऊन जाईल. तुला विश्रांतीची गरज आहे. राग मानू नकोस, तुझ्या भल्यासाठीच करते आहे. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझीच,
थोरली बहीण


२७ मार्च

मायना पुन्हा गाळला आहे, आणि या वेळी मुद्दाम.

तुमचं पत्र मी बसून वाचलं आणि ताडकन उभी राहिले. सवत म्हणत होतात तोवर ठीक होतं, निदान कुठे उभी आहे ते कळत होतं. आता 'बहीण' काय, 'दगदग' काय! इतकं गोड माझ्याशी फक्त आमचा मालक बोलतो, तेही कुणाला कामावरून काढायचं असेल तेव्हा. पोरगी न्यायची तर सरळ शिव्या घालून न्या ना.

आणि 'हल्ली सगळ्यावर उपाय असतात' म्हणजे काय? हे त्यानं तुम्हाला सांगितलं का? हो, आम्हाला मूल हवं होतं आणि झालं नाही. सगळ्यांना दाखवून झालं, सगळे उपाय झाले, त्यावर आता पडदा टाकला आहे. तुमच्या पोरीला मी काही उपाय म्हणून ठेवून घेतलेलं नाही. ती सकाळी उठल्या उठल्या मला विचारते, आज कुठली लिफ्ट अडकली? माझ्या कामाबद्दल या घरात दुसरं कुणी विचारत नाही. ती मला आवडते, बस. माझा डबा खात नाही, तरी आवडते.

विश्रांती मी मागितलेली नाही. बहिणीला थांबवा.


२ एप्रिल

सवते,

मूर्ख आहेस. मीही आहे, पण तू आधी.

मूल न झाल्याचं मला काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं. त्या चष्मेवाल्याला मी काडीचंही लिहीत नाही आणि तो तर मला वाढदिवसालाही लिहीत नाही. नकळत तुझ्या दुखऱ्या जागी पाय पडला, वाईट वाटलं. गोड बोलायची सवय नसली की असं होतं.

आता स्पष्टच लिहिते. तुझ्या पोटात गोळा आहे, हे मला मुंगीनं कळवलं. तिनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी आडून आडून लिहीत बसले. तू फोनवर कुणाला तरी हळूच सांगत होतीस, तिनं ऐकलं. नवऱ्यापासून लपवलंस, ते समजू शकते. तो ऐकून आधी स्वतःच अंथरूण धरेल. पण डॉक्टरला दाखवलंस का? केवढा आहे? दुखतो का? बोट सुटायच्या बेतात आहे, म्हणून वाईट अक्षराला हसू नकोस. आधी पोट, मग डबा, मग माझ्यावर चीड.

बहिणीला आता थांबवता येणार नाही. ती निघालीसुद्धा असेल. तिनं म्हणे खोली गुलाबी रंगवली आहे.

सवत


८ एप्रिल

ती. सवतीस,

माझ्या पोटात गोळा नाही. पत्र खाली ठेवा, पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

तुमचं पत्र स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आलं. मी तसंच मुंगीला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "माझ्या पोटात गोळा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. फोनवर म्हणालीस, डबा भरायचा म्हटलं की पोटात गोळा येतो."

कामावरच्या माझ्या हाताखालच्या पोरीशी बोलत होते मी, अगदी पहिल्या डब्यांच्या धास्तीत! "अगं, गोळा म्हणजे भीती!"

"मग भीती म्हण ना."

तिचा हिशोब सरळ होता. डब्यातलं सगळं मी आधी चाखते. चाखून मला गोळा आला. तेच तिनं खाल्लं तर तिलाही येणार. आणि गोळा पाण्यात गेला की कुठे जातो, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पोहण्याच्या दिवशी माझा डबा बंद. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तू इतकं मन लावून करतेस. तुला वाईट वाटलं असतं." मी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि उगाच नळ सोडला.

समजावून काही उपयोग झाला नाही. मी आडवी झाले, तिनं माझं पोट दाबून, ठोकून, कान लावून तपासलं. आत काहीतरी गुडगुडतंय म्हणाली. तुमच्या माजीला बोलावलं. त्यानं चष्मा वर करून दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "गोळा नाही, पण चरबी आहे." मला असा राग आला! शेवटी मुंगीनंच तोड काढली. उद्या मी तिच्यासमोर डबा खायचा आणि आधी स्वतः पाण्यात उतरायचं. तरंगले, तर ती खाईल.

मला पोहता येत नाही. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही विचारलं नव्हतं. मी आयुष्यभर वर-खाली करते, पण कोरड्यात.

सकाळी आम्ही तिघं लवकर गेलो. शिट्टीला सगळी हकिगत सांगितली, तर आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. तिनंच स्वतःचा पोहण्याचा पोशाख दिला. शिट्टी किती बारीक आहे, हे तुम्ही पाहिलेलं नाही, ते एक बरं. काठावर बसून मी मुंगीसमोर लोणी लावलेल्या ब्रेडचा एक तुकडा आणि केळ्याच्या चार चकत्या खाल्ल्या. ती माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होती. मग पायऱ्या उतरले. पाणी गार होतं, दांडा सोडवत नव्हता, आणि माझ्या पोटात, शब्द वापरू नये पण वापरते, गोळा आला. शिट्टी म्हणाली, "मान मागे टाका, पोट वर." टाकली. कानात पाणी गेलं आणि सगळं शांत झालं. पाठीखाली तिचा हात होता. मग कधीतरी नव्हता.

"तरंगली!" मुंगी अशी ओरडली की रखवालदार धावत आला. "बाबा, ती खाऊन तरंगली!"

मग तिनं ब्रेड खाल्ला. मी पाण्यात, ती काठावर, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी कुणाला ओळखू येणार नव्हतं. शिट्टीनं विचारलं तेव्हा तिनं काय काय खाल्लं ते इतक्या तपशिलानं सांगितलं की मागची रांग कंटाळली. निम्मा डबा पोहून आल्यावरसाठी तिनं स्वतः झाकून ठेवला आणि मला सांभाळायला दिला.

शर्यतीचं काय सांगू. टॉवेल गुंडाळून मी बाकावर बसले. शिट्टी वाजली, सगळी पोरं पडली, आमची जरा विचार करून पडली. अर्ध्यावर ती दोरीला धरून थांबली आणि इकडेतिकडे बघायला लागली. माझा जीव वर-खाली. मग तिनं मला शोधलं, हात हलवला आणि निघाली. शेवटून दुसरी आली. शेवटचा मुलगा रडत होता, म्हणून तो मोजायचा की नाही यावर वाद आहे.

बाहेर आली ती कुडकुडत, ओठ निळे, आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडत, "मला भूक लागलीये! माझा डबा कुठाय?"

महिनाभर हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. मी मांडीवरचा डबा उघडला. रिकामा. शर्यत चालू असताना घाबरून मी सगळा खाल्ला होता. केव्हा, कसा, शपथ घेऊन सांगते, माहीत नाही. अंड्याचा कणही शिल्लक नव्हता.

सवते, ती अशी चिडली! "माझा डबा होता! माझा!" म्हणून पाय आपटले, टॉवेल फेकला, मला 'हावरट' म्हणाली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. इतके दिवस ती माझ्याशी पाहुण्यासारखी गोड वागत होती. माझ्यावर इतक्या हक्कानं आजवर कुणीही चिडलेलं नाही. मी रस्ताभर दुसरीकडे बघून हसत होते.

संध्याकाळी तुमच्या ताई आल्या. गुलाबी खोलीचं सांगितलं. मुंगीनं फुगलेल्या गालांनी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्ता नाही येणार. हिनं माझा डबा खाल्लाय. उद्या ती भरून देणार आहे, मग परवा, मग रोज." ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून ताटं वाढायला घेतली, कारण बसून राहिले असते तर मला रडू आलं असतं आणि मग चष्मेवाला घाबरला असता. त्या जेवून परत गेल्या. त्यांनी तुम्हाला काय कळवलं ते माहीत नाही. मुंगीला इथे ठेवायचं की नाही, हे शेवटी तुम्हीच ठरवायचं.

तुमची धाकटी


१४ एप्रिल

सवते,

मी इतकी हसले की वायरलेसवाला काय झालं ते बघायला आला. मग मी रडायला लागले, तेव्हा तो घाईघाईनं परत गेला.

ताईनं चारच ओळी पाठवल्या आहेत. तुझ्या स्वयंपाकाबद्दल दोन, त्या तुला सांगत नाही. उरलेल्या दोनमध्ये म्हणते, पोरीला हलवू नकोस, ती आपल्या घरातच आहे. तेव्हा ठरलं. मी परत येईपर्यंत ती तुझ्याकडे, आणि आल्यावरही आठवड्याचे काही दिवस तुझ्याकडे. कुठले ते आपण भांडून ठरवू.

आता खरं लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी पुन्हा गोड बोलायला लागेन. तुझं पत्र वाचून मी जळले. अंड्यापर्यंत हसत होते, मग 'हावरट'ला आले आणि तिथून पुढे वाचवेना. मला ती लिहिते, 'तू कशी आहेस. मी बरी आहे.' सगळं शुद्ध, सगळं शहाण्यासारखं. माझ्यावर ती शेवटची कधी चिडली, ते मी परवापासून आठवते आहे. इतक्या लांबून माझं चुकणार तरी काय, आणि ती चिडणार तरी कशावर?

दोन महिन्यांनी बोट मला घ्यायला येईल. ज्या दिवशी मी पोचेन, त्या दिवशी तिचा डबा तूच भर. तिच्या आवडीचं सगळं घाल, कडा काप, केळ्याच्या चकत्या कर. आणि तो कुठे ठेवला आहेस ते हळूच मला दाखव. तिची पाठ वळली की मी तो सगळाच्या सगळा खाणार आहे.

थोरली